दोन काळ्या वायरी

मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या घरीं माळ्यावर एक खोकें असतें. त्यांत काय आहे हें त्या गृहस्थाखेरीज कोणास ठाऊक नसतें, आणि पुष्कळदां त्यालाही नसतें. तथापि त्या खोक्यास हात लावण्याची घरांत कोणाची छाती होत नाहीं. आमच्याही घरीं असें एक खोकें आहे. तीन मृत मोबाइलांचे चार्जर, एका रेडिओची एरियल, टेबलपंख्याचें रेग्युलेटर, मोजतां न येण्याइतके स्क्रू आणि निरनिराळ्या जाडीच्या काळ्या वायरींचा एक मोठा गुंता, इतकी संपत्ति त्यांत सांठलेली आहे. 'कधीं तरी उपयोगी पडेल' हें त्या खोक्याचें ब्रीद. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांतील एकही वस्तु उपयोगी पडली नव्हती. जिची उपयोगी पडण्याची वेळ आली तिनें आमच्या कन्येचें सव्वा लाखाचें यंत्र जवळजवळ जाळलें होतें. ती हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आम्ही चामटोलीस राहतों. बदलापूरच्या पुढें, वांगणीच्या अलीकडे, रेल्वेचा रूळ आणि उल्हास नदी यांच्या शेजारानें असलेलें हें गांव. वाचकांपैकीं कोणास हें नांव ओळखीचें वाटलें तर तें बहुधा २०१९ सालच्या जुलै महिन्यांतील वर्तमानपत्रांमुळें असेल. त्या महिन्याच्या २७ तारखेस नदीस पूर येऊन मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकली होती, आणि सुमारें १,०५० उतारूंस होड्यांतून बाहेर काढावें लागलें होतें. ती जागा आमच्या गांवाजवळची. त्या पावसाळ्यापासून आमच्या घरांत एक नियम पडला आहे, तो असा कीं, विजेची म्हणून जी वस्तु ती जमिनीवर ठेवावयाची नाहीं. मिक्सर, इस्त्री, इंटरनेटचा डबा, सर्वांस उच्चासन मिळालें आहे. कन्येचा संगणकही त्याच न्यायानें टेबलावर, तिच्या डाव्या कोपराशीं बसलेला असतो, आणि उन्हाळ्यांत तिच्या अंगावर गरम वारा सोडीत असतो.

ही आमची कन्या चित्रें काढते. परंतु चित्रें म्हणजे हातांत कुंचला घेऊन नव्हे. जी इमारत अद्याप उभी राहिली नाहीं तिचें, ती उभी राहिल्यावर सायंकाळच्या उन्हांत कशी दिसेल याचें चित्र ती संगणकाकडून काढवून घेते. बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला अशा न उभ्या राहिलेल्या इमारतींचा तुटवडा नसल्यामुळें या धंद्यास येथें मरण नाहीं. पूर्वी ती यासाठीं मुंबईच्या कचेरींत जात असे. पहांटे उठून बदलापूर स्थानक गांठावयाचें, सव्वा-दीड तास लोकलमध्यें उभ्यानें काढावयाचा आणि रात्रीं तोच प्रवास उलट करावयाचा, असा तिचा सहा वर्षांचा क्रम होता. २०२० च्या टाळेबंदीनें तें काम घरीं आणलें आणि तें घरींच राहिलें. मालकाची हरकत नव्हती. मात्र कामाचा वेग कचेरींतल्याइतका असला पाहिजे, ही त्याची अट होती. आतां ही अट गैरवाजवी होती असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. परंतु तिचा जुना संगणक एका चित्रास नऊ-नऊ तास घेऊं लागला, रात्रभर घुमूं लागला, आणि सकाळीं पाहावें तों चित्र अर्धें उमटून यंत्र आपोआप बंद पडलेलें असे. तसें दोनदां झाल्यावर मालकानें फोनवर सौम्य शब्दांत कचेरीची आठवण करून दिली. तिनें त्या दिवशीं जेवणांत लक्ष घातलें नाहीं. सहा वर्षांच्या लोकलचा प्रवास तिच्या डोळ्यांपुढें उभा राहिला असावा. आमच्या तर राहिलाच, कारण आम्ही स्वतः तो तीस वर्षें केलेला आहे.

तिनें सात महिन्यांची शिल्लक मोडून नवीन ग्राफिक्स कार्ड आणि त्यास पुरेल इतका मोठा एसएमपीएस घेण्याचें ठरविलें. २०२४ च्या मे महिन्यांतली ही गोष्ट. खरेदीसाठीं आम्ही दोघें लॅमिंग्टन रोडला गेलों. पाटीवर त्या रस्त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. परंतु १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांस आमच्या लोकांच्या जिभेवरून उठविणें कोणासही साधलेलें नाहीं. दुकानदार म्हणाला, 'मशीन घेऊन या, आम्ही बसवून देतों.' पण तें धूड बदलापुराहून लोकलनें आणावयाचें आणि तसेंच परत न्यावयाचें, ही कल्पनाच आम्हांस सोसेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेल्या मनुष्यास स्वतःच्या हातांविषयीं एक भलताच विश्वास वाटूं लागतो. 'चार स्क्रू आणि दोन वायरी,' आम्ही म्हणालों, 'त्यांत काय आहे?'

त्यांत काय आहे तें सांगण्यासाठीं विजेविषयीं थोडें बोललें पाहिजे.

आमच्या या मुलुखाचा आणि विजेचा संबंध जुना आहे. टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं चालूं झालें, आणि कर्जतजवळच्या भिवपुरीचें १९२२ सालीं. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवावयाचें, तें नळांतून खालीं सोडावयाचें आणि तेथें निपजलेली वीज मुंबईच्या गिरण्यांस पोंचवावयाची, अशी ती योजना होती. एवढ्या लांबवर वीज नेतांना तिचा दाब लाखभर व्होल्टपर्यंत चढविलेला असे. कारण असें कीं, तेवढेंच काम मोठ्या दाबानें करून घेतलें तर तारेंतून वाहणारा प्रवाह लहान राहतो. आणि तार तापते ती दाबानें नव्हे, प्रवाहानें तापते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. आमच्या घरासमोरून जाणाऱ्या गाड्यांनीं हाच धडा पुढें गिरविला. मुंबईंत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धांवली ती १५०० व्होल्टवर; आतां मुंबईच्या सर्व उपनगरी मार्गांवर तारेंत २५,००० व्होल्ट असतात, आणि तो बदल पुरा व्हावयास २०१६ साल उजाडलें.

संगणकाची रीत याच्या अगदीं उलट आहे. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची, सेकंदास पन्नास वेळां हेलकावे खाणारी वीज त्याच्या नाजुक अवयवांस मानवत नाहीं. एसएमपीएस नांवाची पत्र्याची पेटी ती वीज घेते आणि तिचा दाब उतरवून, तिला एकाच दिशेनें वाहावयास लावून, बारा व्होल्टच्या रूपानें पुढें देते. दाब उतरला कीं प्रवाह चढलाच. आमच्या कार्डाची भूक २२० वॉटची होती. २२० वॉट म्हणजे छताचे तीन पंखे. भिंतीच्या बाजूनें पाहिलें तर हा एक अँपिअरसुद्धां प्रवाह होत नाहीं. परंतु बारा व्होल्टवर तोच अठरा अँपिअरांहून अधिक होतो. स्नानघरांतील दोन किलोवॉटचा बंब, ज्याच्यासाठीं आपण जाड वायर आणि मोठा प्लग मुद्दाम घेतों, तोसुद्धां नऊ अँपिअरांच्या आंतच असतो. बंबाच्या दुप्पट प्रवाह बोटाएवढ्या जोडण्यांतून जावयाचा, हें कळलें तेव्हां आमच्या 'चार स्क्रू आणि दोन वायरी' या वाक्याचा आम्हांस थोडा संकोच वाटूं लागला.

कार्ड ज्या खांचेंत बसतें ती खांच स्वतः त्यास ७५ वॉटपर्यंत वीज देते. पूर्वीच्या कार्डांस खांचेंतली वीज पुरत असे. २००० सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू ५ ५५०० या कार्डानें एसएमपीएसकडून स्वतंत्र वायर मागितली, तेव्हां तें मोठें नवल वाटलें होतें. आतां ती वायर नसेल तर कार्ड कामच करीत नाहीं. सहा पिनांच्या जोडणीस ७५ वॉट, आठ पिनांच्या जोडणीस १५० वॉट, असें प्रमाण ठरलेलें आहे. आमच्या कार्डावर आठ पिनांचीं दोन तोंडें होतीं. म्हणजे त्यास भुकेपेक्षां पुष्कळ अधिक वाढण्याची सोय होती.

रविवारीं सकाळीं आम्ही काम आरंभिलें. चटईवर पांढरी चादर अंथरली, चष्मा पुसला, भिंतीचें बटण बंद करून प्लगही उपसून ठेवला. कार्ड खांचेंत बसविण्यांत विशेष कांहीं झालें नाहीं. जुना एसएमपीएस मागील महिन्यांत निकामी होऊन भंगारवाल्याकडे गेलाच होता आणि नातलगांकडून आणलेल्या एका उसन्या पेटीवर तोंपर्यंत भागलें होतें. आतां त्या जागीं नवीन पेटी बसली. राहिल्या वायरी.

नवीन पेटीबरोबर आलेल्या वायरीचें डोकें आठ पिनांचें असलें तरी तें सहा आणि दोन अशा दोन तुकड्यांचें असतें. दोन पिनांचा तो बारका तुकडा सहांच्या कडेला बोटांनीं धरून, दोन्ही एकजीव करून आंत सारावयाचे असतात. आणि हें करतांना तो बारका तुकडा नेमका निसटतो. चौथ्या खेपेस तो राहिला. आम्ही डोकें कार्डाच्या तोंडाशीं नेलें आणि हलकेंच दाबलें. तें आंत गेलें. आणखी थोडें दाबलें, थांबलें. आम्ही हात काढून समाधानानें पाहिलें.

कन्येनें दोन बोटांनीं वायर हलकीच ओढली. ती सुटून तिच्या हातांत आली.

'बाबा, दाबा ना. खट् वाजलें पाहिजे.'

आतां येथें आमचा इतिहास आड येतो. आमच्या लहानपणीं घरांत रेडिओ आला तेव्हां त्याचें बटण फिरविण्याचा अधिकार वडिलांखेरीज कोणास नव्हता, आणि तेही तें अशा हळुवारपणें फिरवीत कीं जणू त्याच्या आंत कोणी निजलें आहे. यंत्रास जोर लावावयाचा नाहीं, जोर लावणारा तो अडाणी, ही शिकवण आमच्या पिढीच्या हाडांत मुरलेली आहे. पन्नास हजारांचें कार्ड, खालीं कागदासारखी पातळ हिरवी पाटी, आणि त्यावर अंगठा रोंवून जोर करावयाचा! आम्हांस तें होईना. शेवटीं तिनें एका हातानें कार्डाची मागील बाजू धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें तें डोकें आंत लोटलें, आणि खिट्टी कड्यावर जाऊन बसल्याचा खट् असा आवाज झाला. मग तिनें पुन्हा ओढून पाहिलें. वायर हलली नाहीं.

आमच्या हळुवारपणाची किंमत काय झाली असती हें मागाहून वाचलें तेव्हां समजलें. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यांत एनव्हिडिया कंपनीचें आरटीएक्स ४०९० हें ४५० वॉटचें कार्ड बाजारांत आलें. त्यास आठ पिनांच्या तीन-चार जोडण्यांऐवजीं सोळा पिनांची एकच चिमुकली जोडणी दिलेली होती, आणि तिच्यांतून ६०० वॉटपर्यंत वीज जावी अशी योजना होती. बारा व्होल्टच्या पिना त्यांत सहाच. म्हणजे पूर्ण भारावर प्रत्येकीच्या वांट्यास आठ अँपिअरांहून अधिक प्रवाह. थोड्याच दिवसांत कोठें कोठें या जोडण्या वितळूं लागल्या. नोव्हेंबरांत कंपनीनें जाहीर केलें कीं, जगभरांतून अशीं सुमारें पन्नास प्रकरणें आपल्या कानीं आलीं आहेत आणि जोडणी पूर्णपणें आंत न बसणें हें त्यांतील सामान्य कारण दिसतें. म्हणजे आमच्यासारखे हळुवार लोक देशोदेशीं आहेत. जोडणी अर्धी बसली कीं पिनांचा एकमेकींशीं स्पर्श जेमतेम होतो. त्या अरुंद वाटेनें सर्व प्रवाह जाऊं पाहतो, ती जागा तापते, आणि भोंवतालचें प्लास्टिक मऊ होतें. तथापि सर्व दोष बसविणाराच्या माथीं मारणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. जी वस्तु अर्धी बसूनही पुरी बसल्यासारखी दिसते आणि चालते, ती घडविणारानेंही कांहीं विचार करावयास हवा होता. तो पुढें झालाही: २०२३ मध्यें त्या जोडणींतील सूचना देणाऱ्या चार बारक्या पिना आंखूड करण्यांत आल्या, त्यायोगें डोकें पुरतें आंत गेल्याशिवाय कार्डानें वीज घेऊं नये. एवढें करूनही २०२५ मध्यें त्याहून मोठ्या कार्डांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्याच.

परंतु आमच्या घरचें खरें संकट अद्याप पुढें होतें.

पहिली वायर बसली. तिच्या टोंकास एक फांटा होता व त्या फांट्यास आठ पिनांचें आणखी एक डोकें; तें कार्डाच्या दुसऱ्या तोंडांत घातलें असतें तर काम संपलें असतें, आणि या कार्डापुरतें तें चाललेंही असतें. पण पुस्तिकेंत लिहिलें होतें कीं, दोन तोंडें असल्यास शक्यतों दोन स्वतंत्र वायरी वापराव्या, म्हणजे भार वांटला जातो. दुसरी वायर समोर दिसेना. हिशेबनीस मनुष्यास 'शक्यतों' हा शब्द फार लागतो. आणि त्याच क्षणीं आम्हांस माळ्यावरच्या खोक्याची आठवण झाली.

जुना एसएमपीएस भंगारवाल्यास देतांना त्याच्या सुट्या वायरी आम्हीं काढून ठेविल्या होत्या. पत्र्याच्या पेटीचे तो वजनावर पैसे देतो. वायरींसाठीं जास्त देईना, म्हणून आम्ही त्या देईनात. त्या गुंत्यांतून आम्हीं एक काळी वायर उकलून आणली. एका टोंकास सहा अधिक दोन पिनांचें तेंच डोकें. दुसऱ्या टोंकास पेटींत खोंचावयाचें आठ पिनांचें डोकें. नवीन वायरीशेजारीं धरली तर सख्ख्या बहिणी. पेटीच्या तोंडांत घालून पाहिली, तंतोतंत बसली. या खेपेस आम्हीं धीर करून अंगठ्यानें जोरही केला, आणि चांगला खट् असा आवाज काढला. बारा वर्षांनीं त्या खोक्याचें सार्थक झालें म्हणून आम्हीं स्वयंपाकघराकडे वळून तसें बोलूनही दाखविलें. तिकडून उत्तर आलें नाहीं.

कार्डाकडील टोंक बसवावयाचें तेवढें राहिलें होतें, आणि वायरमन आला.

त्यास आम्हींच बोलाविलें होतें, पण निराळ्या कामासाठीं. जुन्या संगणकाच्या पत्र्यास हात लागला कीं झिणझिण्या येत, विशेषतः अनवाणी असतांना. एसएमपीएसच्या आंत जी गाळणी असते तिच्यावाटे थोडीशी वीज पेटीच्या पत्र्यावर येत असते. प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेवाटे ती जमिनींत निघून जावी अशी व्यवस्था असते. आमच्या भिंतींतील तें तिसरें छिद्र केवळ शोभेचें निघालें. त्याच्यामागें तारच नव्हती. वायरमनानें आदल्या आठवड्यांत इमारतीच्या मागें खड्डा खणून, तांब्याची पट्टी, कोळसा व मीठ घालून अर्थिंग तयार केलें होतें. आज तो त्याची हिरवी तार आमच्या प्लगापर्यंत आणणार होता. वय पंचविशीच्या आंतबाहेर, शेजारच्याच पाड्यांतला. ग्राफिक्स कार्ड त्यानें पूर्वी पाहिलें नव्हतें.

खुर्चीवर उभें राहून त्यानें भिंतीचें काम केलें, उतरतांना चादरीवर पसरलेल्या संसाराकडे पाहिलें आणि थांबला.

'काका, ही दुसरी वायर ह्याच पेटीची का?'

'जुन्या पेटीची. पण तीच आहे. अगदीं बरोबर बसते.'

'बसते हो. पण आंतून तीच आहे का?'

प्रश्न आम्हांस कळला नाहीं. त्यानें खांद्यावरच्या पिशवींतून मीटर काढलें. त्या मीटरचीं दोन टोंकें एकाच तारेच्या दोन अंगांस लागलीं कीं तें शिटी घालतें. 'ताई, दोन्ही काढून द्या,' तो म्हणाला. कन्येनें दोन्ही वायरी काढून त्याच्या हातांत दिल्या. त्यानें त्या चादरीवर शेजारीं शेजारीं ठेविल्या, दोहोंच्या खिट्ट्या एकाच बाजूस करून. मग नवीन वायरीच्या पेटीकडील डोक्याच्या पहिल्या छिद्रांत एक टोंक घातलें आणि दुसरें टोंक कार्डाकडील डोक्याच्या छिद्रांवरून एकेक करीत फिरविलें. खिट्टीपासून दूर असलेल्या रांगेंत शिटी वाजली. तेंच त्यानें जुन्या वायरीवर केलें. त्या रांगेंत शिटी वाजली नाहीं. ती वाजली खिट्टीकडच्या रांगेंत.

कन्या एकदम सावरून बसली. तिनें पुस्तिकेंतील आकृति काढली. आठ पिनांच्या त्या डोक्यांत खिट्टीपासून दूरच्या रांगेंतील तीन पिना बारा व्होल्टच्या असतात. बाकीच्या पांच परतीच्या, म्हणजे जमिनीच्या बाजूच्या, त्यांतील दोन केवळ वायर बसल्याची खूण कार्डास देणाऱ्या. हें कार्डाकडच्या टोंकाचें प्रमाण सर्व जगांत एक आहे. पेटीकडच्या टोंकाचें मात्र कोणतेंही प्रमाण ठरलेलें नाहीं. प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीनें तेथील पिनांचा क्रम लावतो. क्वचित् एकाच कारखानदाराच्या दोन पेट्यांतही तो निराळा असतो. आणि डोक्याचा आकार मात्र सर्वांचा सारखा. आमच्या जुन्या वायरीनें नव्या पेटींतील बारा व्होल्ट घेऊन ते कार्डाच्या परतीच्या पिनांवर नेऊन सोडले असते. पेटीनें तो गोंधळ वेळीं ओळखून स्वतःस बंद करून घेतलें असतें तर आमचें दैव. नाहीं तर कार्ड, आणि कदाचित् त्याच्या खालची मुख्य पाटीही, एका क्षणांत गेली असती. अशा चुकीस हमीपत्र लागू होत नाहीं. सात महिन्यांची शिल्लक, आणि तिच्यापाठोपाठ पहांटेची लोकल.

कोणी कांहीं बोललें नाहीं. वायरमन मीटर गुंडाळूं लागला. आम्हीं त्यास विचारलें, 'तुला कसें कळलें?'

'कळलें नाहीं काका. पंपाच्या स्टार्टरमध्यें एकदां असाच घोटाळा मीं केला होता. मोटर जळाली. त्या दिवसापासून वाजवूनच बघतों.'

संगणकांच्या विषयांत आम्हीं चार दिवस वाचन केलें होतें, दुकानदाराशीं चर्चा केली होती, अँपिअरांचा हिशेब कागदावर मांडला होता. पण वाजवून पाहण्याची गोष्ट आम्हांस सुचली नाहीं. तपासणीवर आयुष्य काढलेल्या मनुष्यानें हें लिहितांना त्याची मान ताठ राहत नाहीं. वायर बसली, आणि बसली म्हणून ती बरोबर, असें आम्हीं धरून चाललों. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू यांची बेरीज जुळली म्हणून रकमा खऱ्या मानणारा कारकून आम्हीं कधीं क्षमा केला नव्हता.

चहा झाला. चहा पितांना कन्येनें विचारलें, 'बाबा, पेटीबरोबर एक कापडी पिशवी होती ना? ती कुठें आहे?'

पिशवी होती. काळ्या कापडाची, बंदाची, फार सुबक. खोकें उघडतांक्षणींच ती आम्हांस आवडली होती, आणि ती फोडून खराब होऊं नये म्हणून आम्हीं ती तशीच्या तशी, न उघडतां, माळ्यावर नेऊन ठेविली होती. ती आणली. दुसरी वायर तिच्यांतच होती, पुठ्ठ्याची पट्टी आणि कारखान्याचें वेष्टण तसेंच. वायरमनानें, कोणी न सांगतां, पुन्हा मीटर काढलें आणि तीही वाजवून पाहिली. पहिलीसारखीच वाजली.

या खेपेस कन्येनें ती आमच्या हातांत दिली. दोन पिनांचा बारका तुकडा सहांशीं धरून आम्हीं डोकें दुसऱ्या तोंडाशीं नेलें, कार्डामागें डावा हात लावला आणि अंगठ्यानें लोटलें. जोर बराच लागतो. आपण वाटून घेतों त्याच्या दुप्पट लागतो, असें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों. खट् वाजलें. वायर ओढून पाहण्याचें काम कन्येनें केलें.

भिंतीचें बटण दाबलें तेव्हां वायरमनही पाहावयास थांबला होता. पंखे फिरले, पडदा उजळला. पत्र्यास हात लावून पाहिला, झिणझिण्या नव्हत्या. तिनें जुन्या यंत्रावर अर्धवट राहिलेलें चित्र उघडलें, एका नदीकाठच्या इमारतीचें. नदी आमचीच, पण चित्रांत फार निळी आणि फार सभ्य. चित्र पूर्ण व्हावयास बावन्न मिनिटें लागलीं. 'हें कुठें होणार?' वायरमनानें विचारलें. तिनें जागा सांगितली. तो थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, 'तिथें जुलैमध्यें पाणी येतें, ताई.' तिनें मालकास तें कळविलें कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं.

राहतां राहिली ती जुनी वायर. कन्येचें म्हणणें असें कीं ती आतांच्या आतां नष्ट करावी, न जाणो, उद्यां पुन्हा कोणास आठवण होईल. 'कोणास' हा शब्द तिनें आमच्याकडे न पाहतां उच्चारला. आम्ही म्हणालों कीं तिच्यावर चिठ्ठी बांधून ठेवूं. मालकापासून सुटलेली अशी वायर जगांत कोणाच्याच कामाची नसते, हें आम्हांस त्या वेळेपावेतों पटलेलें होतें. पण पटणें आणि टाकून देणें यांमध्यें आमच्यासारख्यांच्या आयुष्यांत पुष्कळ वर्षें जातात. तिनें पक्कड आणून दोन्ही डोकीं छाटलीं. उरलेली हातभर वायर तिच्या आईनें नेली. चांगली जाड आहे, ऊनपावसानें कुजावयाची नाहीं. गॅलरींतील तोंडल्याचा वेल सध्यां तिनेंच बांधलेला आहे.